'चालू होत नाही' म्हणजे काय?

"आमचा संगणक चालू होत नाही." हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही नाना प्रकारच्या माणसांच्या तोंडून ऐकले. शेजारगावच्या शाळांचे मुख्याध्यापक, वाचनालयाचे चिटणीस, पतसंस्थेतील कारकून, मुले नोकरीनिमित्त पुण्या-बंगळुरास गेल्यामुळे मोठ्या घरात उरलेली वडीलधारी मंडळी. माणसे निराळी, वाक्य एकच. भाषा शिकविण्यात उभी हयात गेलेल्या आमच्यासारख्यास हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, परंतु अर्थदृष्ट्या फारच अपुरे वाटते. "मुलाला बरे नाही" एवढेच सांगून वैद्याकडे औषध मागावे, तशातला हा प्रकार. वैद्य निदान ताप आहे की पोट दुखते एवढे तरी विचारतो. संगणक दुरुस्त करणारा पुष्कळदा विचारीत नाही आणि आपण सांगत नाही. पुढचा खर्च आणि मनस्ताप बहुतांशी या न विचारलेल्या प्रश्नातून उपजतो.

यास्तव आमचा पहिला आग्रह असा की, यंत्राला हात लावण्यापूर्वी ते काय करते आणि काय करीत नाही, हे दोन वाक्यांत कागदावर लिहून काढावे. बटण दाबल्यावर काहीच घडत नाही, दिवा नाही, पंख्याची घरघर नाही, ही एक अवस्था. पंखा क्षणभर हलतो, दिवा लुकलुकतो आणि पुन्हा सारे शांत होते, ही दुसरी. पंखा फिरतो, दिवाही जळत राहतो, परंतु पडदा काळाच, ही तिसरी. पडद्यावर कंपनीचे नाव उमटते, पण तेथून गाडी पुढे सरकत नाही, ही चौथी. या चारही अवस्थांना लोक 'चालू होत नाही' असेच म्हणतात. वास्तविक विजेचा प्रश्न मुख्यत्वे पहिल्या दोहोंत असतो. तिसऱ्या अवस्थेत मॉनिटर, त्याची वायर किंवा रॅमची पट्टी यांच्याकडे पाहावे. चौथीत हार्ड डिस्क अथवा आतील आज्ञावली बिघडलेली असण्याचा संभव. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांचा संगणक चार दिवस 'मेलेला' होता. घरातील झाडलोटीत मॉनिटरचे स्वतःचे बटण दाबले जाऊन तो बंद झाला होता, एवढेच. कॅबिनेट बिचारे चारही दिवस इमानाने सुरू होत होते!

कौटुंबिक मासिकाच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास कारण आहे. आज पुष्कळ घरांत एखादा जुना डेस्कटॉप कोपऱ्यात उभा असतो. त्यात मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असतात, आजोबांनी टंकलिखित करून घेतलेल्या आठवणी असतात, जमिनीच्या कागदांच्या प्रती असतात. तो एके दिवशी बंद पडला की घरचे लोक 'गेले सगळे' म्हणून हात झटकतात, आणि काही महिन्यांनी ते धूड भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. यंत्राला वीज न मिळणे आणि यंत्रातील लिखाण नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद न कळल्यामुळे किती घरांचा इतिहास मोडीत गेला असेल, त्याची गणती कोण करणार?

आता पहिल्या अवस्थेकडे वळू. शोध नेहमी भिंतीपासून सुरू करून आत जावे. लोक नेमके उलट करतात आणि आधी कॅबिनेटचे झाकण उघडतात. ज्या सॉकेटात संगणकाचा प्लग आहे, त्यातच टेबलावरचा दिवा किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. येथे पुष्कळजण टेस्टर टेकवतात, आतला लहान दिवा लागला की "वीज आहे" म्हणून मोकळे होतात. परंतु टेस्टर सांगतो ते इतकेच, की फेज आहे. परतीची न्यूट्रल तार शाबूत आहे की उंदराने कुरतडली आहे, हे त्या दिव्यास ठाऊक नसते. फेज आली, परत जायला वाट नाही, म्हणजे प्रवाह नाही. टेबलावरचा दिवा मात्र खोटी साक्ष देत नाही.

भिंत निर्दोष ठरली की मधले दलाल तपासावेत. एक्स्टेंशन बोर्ड हा त्यांतला पहिला. त्याच्या सॉकेटातील पितळी पट्ट्या कालांतराने सैलावतात, प्लग आत बसल्यासारखा दिसतो पण पकड नसते. कधी ठिणगी पडून प्लास्टिक काळवंडलेले असते. दुसरा यू.पी.एस. घरगुती यू.पी.एस.मध्ये बहुधा १२ व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती थकू लागते. पुष्कळांची समजूत अशी की बॅटरी गेली तर फक्त वीज गेल्यावर आधार मिळणार नाही, एरवी काम चालेल. काही यू.पी.एस. या समजुतीस जुमानत नाहीत. बॅटरी पार मेली की भिंतीत वीज असूनही ते उठतच नाहीत. म्हणून यू.पी.एस. वगळून संगणक थेट भिंतीला जोडून पाहावा. बेळगाव परिसरातील जितकी 'बंद' यंत्रे आम्ही पाहिली, त्यांतील निम्मी तरी या पायरीवरच जागी झाली असतील.

त्यापुढे वायर. कॅबिनेटला जाणारी तीन खाचांची काळी वायर आणि मॉनिटरची वायर पुष्कळदा एकाच जातीची असते. अदलाबदल करून पाहण्यास पैसा पडत नाही. कॅबिनेटच्या पाठीमागे, वायर जेथे शिरते तेथे, एक लहान खटका असतो. उभ्या रेघेची बाजू दाबलेली असली तर चालू, वर्तुळाची असली तर बंद. सुट्टीत टेबले सरकवताना हा खटका नकळत दाबला जातो आणि मग समोरचे बटण कितीही दाबा, उपयोग नाही. काही जुन्या यंत्रांत त्याच जागी ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेली लाल पट्टी असते. ती सरकवण्याचा मोह मुलांना फार. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. पट्टी ११५ वर ठेवून प्लग लावला, तर मोठा आवाज होऊन आतील भाग जळतात. ती पट्टी २३० वर आहे ना एवढे पाहावे, आणि वर चिकटपट्टी लावून टाकावी.

येथवर सारे ठीक असेल, तर एक साधा उपाय. वायर काढावी, समोरचे बटण अर्धे मिनिट दाबून धरावे, पाच मिनिटे थांबून पुन्हा वायर लावावी. विजेचा झटका बसल्यावर वीजपुरवठ्याचा आतील भाग स्वसंरक्षणार्थ स्वतःस कोंडून घेतो. साठलेला भार उतरला की कोंडी सुटते. या उपायास काहीजण हसतात. हसणाऱ्यांचीही यंत्रे याच उपायाने सुरू झालेली आम्ही पाहिली आहेत.

आता त्या समोरच्या बटणाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सर्व गैरसमजांचे मूळ तेथे आहे. घरातील दिव्याचे बटण दाबले की तार जोडली जाते आणि वीज वाहू लागते. फार जुन्या संगणकांचे बटणही तसेच होते. दाबताना 'खट्ट' असा भरदार आवाज होई. १९९५ साली इंटेल कंपनीने 'ए.टी.एक्स.' नावाची रचना मांडली, आणि तेव्हापासून हा व्यवहार बदलला. आजच्या बटणातून वीज वाहतच नाही म्हटले तरी चालेल. ते बटण म्हणजे दारावरची घंटा. प्लग लावलेला असेतोवर, यंत्र बंद दिसत असतानाही, वीजपुरवठ्याची पेटी, जिला बाजारात एस.एम.पी.एस. म्हणतात, ती ५ व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला सतत पुरवीत असते. या धारेवर मदरबोर्डचा एक कोपरा जागा राहतो, रात्रीच्या पहारेकऱ्यासारखा. आपण बटण दाबले की पहारेकऱ्यास खूण मिळते. तो एका हिरव्या तारेवाटे एस.एम.पी.एस.ला 'ऊठ' म्हणतो; मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठे प्रवाह सुरू होतात. एस.एम.पी.एस. क्षणभर स्वतःचे व्होल्टेज पारखून 'सर्व ठीक' असा उलट निरोप देते. तो निरोप आल्यावाचून संगणकाचे काम सुरू होत नाही.

हा क्रम एकदा ध्यानात आला की शोध सोपा होतो. घंटा बिघडली, पहारेकरी झोपला, की घरधनीच उठेना, एवढेच ठरवायचे उरते.

पुष्कळ मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो, तो ही ५ व्होल्टची धार येत असली की जळतो. कॅबिनेटचे झाकण काढून (अर्थात आधी वायर काढून, आणि झाकण उघडल्यावर आत हात न घालता ती पुन्हा लावून) तो पाहावा. दिवा जळतो आहे आणि बटण दाबून काही होत नाही, तर संशय आधी बटणावर घ्यावा. हजारो वेळा दाबून ते झिजते किंवा आतच अडकून बसते. पुन्हा वायर काढून, बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डवर जेथे लागतात तेथून उपटाव्यात आणि त्याच दोन पिनांवर 'रीसेट' बटणाच्या तारा लावाव्यात. दोन्ही बटणे जातीने एकच. रीसेटने संगणक सुरू झाला तर रोग कळला, आणि औषधही त्यातच आले. कित्येक शाळांतील यंत्रे वर्षानुवर्षे रीसेट बटणावर चालली आहेत.

दिवाच जळत नसेल तर एस.एम.पी.एस.कडे बोट जाते. ही पेटी स्वतः उघडू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. २३० व्होल्टची वीज आत गेली की तिचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकमार्गी विजेत रूपांतर होते, आणि ती ज्या कपॅसिटरांत साठते ते वायर काढल्यावरही काही काळ भरलेले राहू शकतात. या बाबतीत धाडस करू नये. पेटी बदलून पाहणे हीच खरी परीक्षा. जाणकार मंडळी जेमक्लिपने हिरवी तार काळ्या तारेस जोडून, म्हणजे पहारेकऱ्यास वगळून, पेटी उठते का हे पाहतात. परीक्षा चांगली आहे, पण ती मदरबोर्डचा जोड काढून, आणि क्लिप बसवून झाल्यावरच प्लग लावून करायची असते. शिवाय काही कंपन्या आपल्या यंत्रांत निराळ्याच मापाचा जोड वापरतात, तेथे ही युक्ती लागू नाही. पेटीचा पंखा फिरला म्हणजे पेटी निर्दोष, असेही समजू नये. मल्टीमीटर लावल्यावर १२ च्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा आला पाहिजे.

दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे पंखा हलून लगेच थांबतो तेव्हा, पेटी उठते पण कोठेतरी तार तारेस भिडलेली पाहून स्वतःस बंद करते. अशा वेळी जे जे काढता येईल ते काढावे. प्रिंटर, माउस, पेनड्राइव्ह, सारे. यू.एस.बी.च्या खाचेत मुलांनी काडी घालून आतील पट्टी वाकवली, एवढ्यानेही यंत्र अडून बसते. पाल शिरून चिकटलेली आम्ही एका शाळेत पाहिली आहे. तिचे वर्णन येथे नको.

असो. आता ज्या प्रसंगाने आम्हास या शास्त्राची गोडी लागली, तो सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये उन्हाळी सुट्टीनंतर आमच्या शाळेच्या कार्यालयातील संगणक उठेना. त्या यंत्रात शासनाचे जे काही होते ते इतरत्रही होते. परंतु एक वस्तू अशी होती की तिला दुसरी जोड नव्हती. आमच्या एका सहकाऱ्यांनी, आता ते निवृत्त आहेत, तीन सुट्ट्या खर्ची घालून शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांची सूची टंकलिखित केली होती. नाव, वडिलांचे नाव, गाव, दाखल झाल्याचे वर्ष, रजिस्टरातील अनुक्रमांक. रजिस्टरांचे कागद आता बोट लागताच तुटतात. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेतील नोंद शोधीत लोक येतात, त्यांना नेमके वर्ष आठवत नसते. सूची नसेल तर एकेक पान उलटावे लागते, आणि एकेका शोधापायी दहा पाने कायमची जायबंदी होतात. सूचीची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, पण ती अर्धवट. शेवटच्या दोन हजार नावांची भर तिच्यात नव्हती.

शहरातून एक दुरुस्तीकार आला. त्याने बटण दोनदा दाबले, झाकण न उघडताच "मदरबोर्ड जळला, डेटा गेला, नवीन घ्या" असा निकाल दिला आणि ३८ हजारांचा अंदाज लिहून ठेवला. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक वृद्ध बाई नातवासह बसल्या होत्या. सासऱ्यांची नोंद हवी होती. पेनड्राइव्हवरच्या प्रतीत ते नाव नव्हते.

कार्यालयातील कारकुनाने सहज बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. "सर, डिसेंबरात सकाळी ह्याला तीन-चार वेळा दाबावे लागायचे. दुपारी एकदा दाबले की पुरे." आमचा एक माजी विद्यार्थी वायरमनचे काम करतो, तो हे ऐकून म्हणाला, "गुरुजी, मग मदरबोर्ड कशाला जळेल? पेटी म्हातारी झाली असेल." त्याचे म्हणणे शास्त्रास धरून होते. एस.एम.पी.एस.मधील कपॅसिटरांतील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो. आटलेला कपॅसिटर थंडीत अधिकच अडखळतो, ऊब मिळाली की कसाबसा काम करतो, आणि एक दिवस तेही करीत नाही. यंत्र २०१४ चे. मदरबोर्डवरचा बारीक दिवा जळत नव्हताच. संगणक-कक्षातील तशाच एका यंत्राची पेटी काढून याला जोडली. दिवा लागला, बटण दाबताच पंखा फिरला, आणि सूची जेथे होती तेथेच होती. नवी पेटी ११०० रुपयांस मिळाली. बाईंना सासऱ्यांचा अनुक्रमांक दुसऱ्या दिवशी दिला; त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधून नेला.

मदरबोर्ड खरोखरच जळला असता, तरी निकालाचा उत्तरार्ध चुकीचाच ठरला असता. लिखाण हार्ड डिस्कमध्ये असते. ती चार स्क्रू आणि दोन जोड काढून वेगळी करता येते आणि लहानशा अडॅप्टरने दुसऱ्या संगणकास लावून वाचता येते. क्वचित विजेच्या झटक्यात डिस्कही जाते, परंतु ते लावून पाहिल्यावर ठरवायचे. म्हणून यंत्र दुरुस्तीस देताना डिस्क काढून घरी ठेवावी, निदान 'फॉर्मॅट करू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. भंगारात देताना तर ती काढून घ्यावीच. आपले घर परक्याच्या हाती कशास द्यावे?

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सी.आर. २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. बंद यंत्राचा दोष अनेक दुकानदार त्याच्या माथी मारतात. सेल संपला तर घड्याळ आणि तारीख चुकते. यंत्र उठेनासे होणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. स्वस्त आहे, बदलायला हरकत नाही, मात्र त्यावर भिस्त ठेवू नये.

अर्थिंगविषयी दोन शब्द. कॅबिनेटच्या पत्र्यास हात लागताच मुंग्या आल्यासारखे होते, अशी तक्रार जुन्या इमारतींतून वारंवार येते. एस.एम.पी.एस.च्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेतून जमिनीकडे वाट नसेल, तर पत्र्यावर निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचे व्होल्टेज तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्या मुंग्यांचा अर्थ असा की अर्थिंग नाही, आणि उद्या खरीच तार पत्र्याला टेकली तर ती वीज माणसाच्या अंगातून वाट काढील. ज्या खोलीत मुले अनवाणी बसतात, तेथे संगणक चालू आहे की बंद, यापेक्षा ही गोष्ट आम्हास मोठी वाटते. प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनांवर काम भागविणाऱ्यांस काय म्हणावे ते आम्ही लिहीत नाही.

पावसाळ्यात न वापरले जाणारे यंत्रही आठवड्यातून अर्धा तास चालू ठेवावे, म्हणजे आतील दमटपणा निघून जातो. चालू असताना मात्र वरचे प्लास्टिकचे आच्छादन काढावे. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. खटक्यातील फट इतकी लहान असते की पडत्या विजेला ती ओलांडणे अवघड नाही. प्लगच भिंतीतून काढावा, आणि त्याबरोबर पाठीमागची इंटरनेटची तारही काढावी. झटका त्या वाटेनेही आत शिरतो.